आधी पाणी, मग मासे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घरी मासे पाळायचे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा एकच चित्र येतं. गोल काचेचं भांडं, तळाशी निळे-गुलाबी खडे, एक प्लास्टिकचं झाड आणि त्याच्याभोवती फिरणारे दोन गोल्डफिश. दोन वर्षांपूर्वी आमच्याही घरी असं भांडं आलं. नातीच्या सातव्या वाढदिवसाला ते मीच हौसेनं आणलं होतं. दुकानदार म्हणाला, 'काही कठीण नाही काका, दिवसातून दोनदा खाणं घाला आणि पाणी बदलत राहा.' आम्ही ते अगदी मनापासून केलं. चौथ्या दिवशी पाण्याला वास यायला लागला, म्हणून पाचव्या दिवसापासून रोज सकाळी सगळं पाणी ओतून द्यायचं आणि नळाचं ताजं पाणी भरायचं असा नेम धरला. सहाव्या दिवशी एक मासा गेला, नवव्या दिवशी दुसरा.

नात रडली नाही. तिनं फक्त विचारलं, 'आबा, आपण तर रोज स्वच्छ पाणी देत होतो. मग ते मेले कशानं?'

मी पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. अमोनिया, क्लोरीन, नायट्रेट हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले त्याची गणती नाही. पण टेबलावरच्या भांड्यात तेच रसायनशास्त्र चाललंय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी तिला मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. 'दुसरे आणू या' असंही म्हणालो. ती म्हणाली, 'नको. ते पण मरतील.' हे वाक्य मला फार लागलं.

आज मी तुम्हाला तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर सांगणार आहे. त्या उत्तरातूनच पुढे आमच्या घरी खऱ्या वनस्पती लावलेली एक लहानशी टाकी उभी राहिली. हौशी मंडळी अशा टाकीला 'नॅनो' टाकी म्हणतात. साधारण चाळीस लिटरच्या आतली. तिची कृतीही सांगतो, म्हणजे ज्यांच्या घरी मुलांचा हट्ट चालला असेल त्यांना उपयोगी पडेल.

आधी उत्तर. मासा पाण्यातच राहतो, खातो आणि पाण्यातच उत्सर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. न खाल्लेलं अन्न कुजतं, त्यातूनही अमोनिया तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. चार लिटरच्या भांड्यात तो जाणार कुठे? अमोनियानं माशाचे कल्ले भाजतात. हे झालं आमच्या पहिल्या चार दिवसांचं. मग आम्ही रोज ताजं नळाचं पाणी भरू लागलो. नळाच्या पाण्यात आपल्या आरोग्यासाठी क्लोरीन घातलेलं असतं. आपल्याला ते बाधत नाही, पण कल्ल्यांना बाधतं. शिवाय रोज पाण्याचं तापमान एकदम बदलायचं ते वेगळंच. थोडक्यात, अमोनियानं अर्धमेल्या झालेल्या माशांना आम्ही रोज क्लोरीनची आंघोळ घालत होतो. पाणी आपल्या दृष्टीनं स्वच्छ होतं. माशांच्या दृष्टीनं ते तयार नव्हतं.

पाणी 'तयार' होतं म्हणजे काय? याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १८४९ साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाण्यात वाढणारी गवतासारखी वनस्पती लावली. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं. मग त्यानं त्यात तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. मासे, वनस्पती आणि गोगलगाय अशी ही भागीदारी पाणी न बदलता टिकून राहिली. १८५० मध्ये त्यानं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकानं 'अॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला.

पण या भागीदारीतला चौथा भागीदार वॉरिंग्टनला दिसलेला नव्हता. योगायोग असा, की त्याच्याच मुलाला तो सापडला. या मुलाचंही नाव रॉबर्ट. तो शेतीचा रसायनशास्त्रज्ञ झाला आणि इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथल्या संशोधन केंद्रात मातीतल्या नत्रावर काम करू लागला. अमोनियाचं आधी नायट्राइट होतं आणि मग नायट्राइटचं नायट्रेट होतं, हे काम दोन टप्प्यांत आणि सूक्ष्मजीवांकडून होतं, असं त्यानं दाखवून दिलं. पुढे १८९० च्या सुमाराला सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानं ते जिवाणू वेगळे काढले. शेतातल्या मातीत जे चालतं तेच टाकीतल्या वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजावर चालतं. अमोनिया घातक, नायट्राइटही घातक. पण शेवटचं नायट्रेट थोड्या प्रमाणात माशांना सोसतं आणि वनस्पतींना तर ते खतच आहे.

हे जिवाणू नव्या टाकीत जवळजवळ नसतातच. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. मी नातीला सांगितलं, 'आपण दुधाला विरजण न लावताच दही खायला बसलो होतो.' तिला ते लगेच कळलं. तिच्या आजीचं दही थंडीत लागायला किती वेळ लागतो ते तिनं पाहिलेलं होतं.

आता कृती.

टाकी घेताना गोल भांडं टाळावं. त्यात पाणी कमी मावतं आणि काठोकाठ भरलं तर हवेशी संपर्क फार थोडा उरतो. आम्ही दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी साधी काचेची टाकी घेतली. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे ही टाकी हिशेबानं ४२ लिटरची. माती, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी पस्तीस लिटरच्या आसपास. आणखी लहान टाकीही चालते, पण एक लक्षात ठेवा. टाकी जितकी लहान तितकी चूक महाग पडते. पिंपात चिमूटभर मीठ पडलं तर कळत नाही, वाटीत पडलं तर कळतं.

काच, माती, पाणी मिळून वजन पन्नास किलोच्या आसपास जातं. म्हणून टाकी भक्कम टेबलावर ठेवावी आणि खाली थर्मोकोलचा तुकडा घालावा, म्हणजे उंचसखलपणामुळे काचेला तडा जात नाही. खिडकीतलं थेट ऊन नको. उन्हानं शेवाळं माजतं आणि पाणी तापतं.

तळाशी आम्ही इंचभर साधी बागेतली माती चाळून घातली. शेणखत किंवा रासायनिक खत घातलेली कुंडीतली माती मात्र अजिबात नको. मातीवर इंच-दीड इंच जाड वाळूचा थर दिला. ही वाळू बादलीत घेऊन पाणी निवळ दिसेपर्यंत धुवावी लागते. आमच्या नातीनं अकरा वेळा धुतली, मोजून. संगमरवराची पांढरी खडी किंवा समुद्रावरचे शिंपले घालू नयेत. त्यांतून चुना उतरतो आणि पाणी जड होतं. शंका असेल तर दगडावर लिंबू पिळून पाहा. बुडबुडे आले तर तो दगड टाकीत घालू नका.

मग वनस्पती. सुरुवातीला ज्या सहज जगतात त्याच घ्याव्यात. मागच्या बाजूला वॉरिंग्टनचीच व्हॅलिसनेरिया. ही आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही वाढते. एका कोपऱ्यात हायड्रिला. ही तुमच्या ओळखीची आहे. शाळेत चंचुपात्रात उलटं नरसाळं आणि त्यावर परीक्षानळी ठेवून प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग केला होता ना, त्यातली. तीच इथे प्राणवायूचे बुडबुडे सोडते आणि भराभर वाढताना अमोनियाही शोषून घेते. पुढे दगडाला दोऱ्यानं बांधलेलं जावा फर्न आणि अनुबियास. या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं तर कुजतं. टाकी पहिल्या दिवसापासून दाट लावावी. नंतर हळूहळू लावू असं म्हणत बसलं की मधल्या मोकळ्या जागेत शेवाळं घर करतं.

पाणी भरताना वाळूवर एक बशी ठेवून तिच्यावर हळू धार सोडावी, म्हणजे माती उसळत नाही. पाणी नळाचंच, पण रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस-रात्र उघडं ठेवलेलं, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब टाकलेलं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीन जास्त घातलं जातं, त्या दिवसांत थेंब वापरलेले बरे. नुसतं आरओचं पाणी घालू नये, त्यात वनस्पतींना आणि माशांना लागणारे क्षार उरत नाहीत. बोअरचं पाणी फार जड असेल तर त्यात थोडं आरओचं मिसळता येतं.

फिल्टर म्हणाल तर लहान टाकीला एअरपंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. त्याचा स्पंज म्हणजे आपल्या जिवाणूंची चाळ. पंप मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं येतं आणि पंपात शिरतं. दिव्यासाठी लहानसा एलईडी पुरे, दिवसातून सहा ते आठ तास. आम्ही शाळेच्या वेळेनुसार लावला. नात शाळेतून आली की दिवा लागतो आणि ती झोपायला गेली की बंद होतो.

आणि मग आली सगळ्यात अवघड पायरी. वाट पाहणं. टाकी सजली, हिरवीगार दिसली, आणि त्यात मासा एकही नाही. येणारे-जाणारे विचारायचे, 'मासे कुठे आहेत?' नात गंभीरपणे सांगायची, 'अजून विरजण लागलेलं नाही.' जिवाणूंना खायला मिळावं म्हणून रोज माशांचं खाणं अगदी चिमूटभर टाकायचं. ते कुजतं, अमोनिया होतो आणि जिवाणूंची पंगत बसते. थेंब टाकून पाण्याचा रंग पाहायचं तपासणी किट मिळतं, ते आम्ही आणलं. दर रविवारी नात वहीत आकडे लिहायची. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया वाढला. तिसऱ्यात तो उतरला आणि नायट्राइट चढलं. काही पानं वितळल्यासारखी गळाली. नव्या पाण्यात रुळताना असं होतं, मुळं शाबूत असली की नवी पानं येतात. पाचव्या रविवारी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तिनं त्या पानावर लाल पेनानं चौकट आखली.

कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजाचा एक तुकडा आणून आपल्या टाकीत ठेवावा. हेच खरं विरजण. त्यानं वाट पाहण्याचा काळ बराच कमी होतो. पण आकडे शून्य आल्याशिवाय मासे नकोत, हा नियम तेव्हाही मोडायचा नाही.

आता मासे कोणते? गोल्डफिश या टाकीत नाही. तो अर्ध्या फुटाहून मोठा होणारा मासा आहे. दुकानात तो इवलासा दिसतो, कारण तो पिल्लू असतो. पट्टेदार झेब्रा मासा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. आज जगभरातल्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालतं. पण तो सतत पळणारा आहे, त्याला लांब टाकी लागते. लहान टाकीत एक तर एकटा फायटर ठेवावा, किंवा पाच-सहा नर गप्पी, किंवा एंबर टेट्रासारखे जेमतेम दोन सेंटिमीटरचे आठेक मासे. गप्पीची जोडी आणलीत तर मादी साधारण महिन्याला पिल्लं देते आणि वर्षभरात टाकी गर्दीच्या लोकलसारखी होते. सगळे प्रकार थोडे थोडे आणायचा मोह टाळावा. आम्ही आठ एंबर टेट्रा आणले. निखाऱ्याच्या रंगाचे. सोबत दोन गोगलगाई, वॉरिंग्टनसाहेबांची आठवण म्हणून.

मासे पिशवीतून थेट ओतू नयेत. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवावी, मग तिच्यात टाकीतलं पाणी थोडं थोडं घालत अर्धा तास जाऊ द्यावा, आणि जाळीनं फक्त मासे आत सोडावेत. पिशवीतलं पाणी टाकीत नको. खाणं मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपवास. आमच्याकडे आजीच्या गुरुवारी माशांचाही गुरुवार असतो. उपाशी राहून फारसे मासे मरत नाहीत, जास्त खाण्यानं मात्र पुष्कळ मरतात.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी काढून तेवढंच तयार केलेलं पाणी घालायचं. सगळं पाणी कधीच बदलायचं नाही. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीननं विरजणच मरेल. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो दोन-तीनदा पिळला की झालं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यात खत असतं.

आपल्याकडचा खरा कस एप्रिल-मे महिन्यांत लागतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाही अधिक घातक होतो. पाण्यावर लहान पंख्याचा झोत सोडला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. पाणी आटतं, तेवढं भरत राहायचं. वीज बराच वेळ गेली तर वाटीनं पाणी वर उचलून पुन्हा हळू ओतायचं, म्हणजे हवा मिसळते. सकाळी उठल्यावर मासे पृष्ठभागाशी तोंड काढून असतील तर समजा, गर्दी जास्त आहे. रात्री वनस्पतीसुद्धा प्राणवायूच घेत असतात. वर झाकण हवंच. आमचा एक मासा पहिल्याच उन्हाळ्यात पंख्यासाठी झाकण काढलं असताना उडी मारून बाहेर पडला. ती चूकही माझीच. तेव्हापासून पंख्याच्या वेळी आम्ही वर बारीक जाळी ताणतो. बाकी सात आजही आहेत.

एक विनंती, अगदी हात जोडून. टाकीचा कंटाळा आला, मासे जास्त झाले, तर ते विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. त्यांना 'मोकळं केलं' असं आपल्याला वाटतं. पण काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर मासा फूटभराचा झाला की लोक तो तळ्यात टाकतात, आणि आज तो देशातल्या अनेक जलाशयांत ठाण मांडून बसलाय. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या जलपर्णीनं आपल्या नद्यांचं काय केलं ते आपण पाहतोच. जास्तीचे मासे दुकानात परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. छाटलेल्या वनस्पती वाळवून कुंडीत घाला.

गेल्या महिन्यात नातीच्या मैत्रिणीचा वाढदिवस झाला. कुणीतरी तिला गोल भांडं आणि दोन मासे भेट दिले. नात घरी आली ती थेट टाकीपाशी गेली. मी विचारलं, 'काय गं, काय शोधतेस?' म्हणाली, 'आबा, कात्री द्या. स्पंजाचा एक तुकडा कापून न्यायचाय. आणि आपली जुनी मोठी प्लास्टिकची टोपली आहे ना, पाणी ठेवायची, तीही द्या. भांड्यात ते जगणार नाहीत.' मी कात्री दिली. तुकडा टाकीच्याच पाण्यात भिजवून तिनं डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि टोपलीत अँटी-क्लोरीनची बाटली, तपासणीचं किट आणि स्वतःची वही घालून ती निघाली.

तिचा तो दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न आता ती दुसऱ्या कुणाला पडू देणार नाही, एवढं मला तेव्हा कळलं. ते मासे जगलेत. त्यांना पुढे मोठी टाकी लागेल, हेही तिनं मैत्रिणीच्या आईला आधीच सांगून ठेवलंय.